मालवणला बोट ठरवताना कोरलचं काय बघायचं?

बाळीवेसकर:
आम्ही सात जण सोलापूरहून डिसेंबरात मालवणला निघायलोय, अख्खी बोट आपलीच घ्यायची ठरलंय. मागच्या टायमाला किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला गेलो तर बोटवाल्यानं लोखंडी नांगर धाडकन सोडला, निघताना तो अडकला, मग इंजिन लावून हिसडा दिला आन नांगराच्या दातात मुठीएवढं कोरल, म्हंजे पोवळं, वर आलं. बायको म्हणाली हे जिवंत हाय का ओ, बोटीत कुणालाच सांगता येईना. ह्या वेळी आपल्याकडून असलं काय होऊ नये म्हणून विचारायलोय.

होटगीरोड:
जिवंतच होतं बे. कोरल म्हणजे दगड नाय, बारक्या जिवांची वसाहत असती. गोल गड्ड्यासारखं वाढतं ते वर्षाला कसंबसं सेंटीमीटरभर, म्हणजे तो तुकडा तुझ्या शाळेतल्या पोराच्या वयाचा असंल. २०२४ ला पाणी तापून जगभर कोरल पांढरं पडलं. पांढरं म्हणजे लगेच मेलं असं नाय, त्याच्या अंगात राहून त्याला खायला पुरवणारं बारकं शेवाळ गेलेलं असतं, ते परत येऊ शकतं. पण त्याच काळात वरनं नांगर पडला की खेळ खलास. आपल्याकडं नांगर फिरला की रान तयार होतं, तिथं नांगरानंच रानाची वाट लागती!

माहेर_सोलापूर:
दादा, सासर मालवणचं म्हणून सांगते. पैसे द्यायच्या आधी एकच विचारा, नांगर कुठं टाकणार? वाळूत टाकतो किंवा बोयाला (बोट बांधायला पाण्यावर तरंगत ठेवलेला गोळा) बांधतो म्हणाला तर बसा, गडबडला तर दुसरी बोट बघा. इथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पण पाण्यात काय कुंपण नाही, त्यामुळे सगळं बोटवाल्यावर आणि तुमच्यावरच. दुसरं म्हणजे पूर्ण ओहोटीला उतरू नका, पाणी उथळ होतं, लाइफ जॅकेट घातलेला माणूस घाबरला की पाय खाली सोडतो आणि थेट कोरलवरच उभा राहतो, हे मी दर सीझनला बघते. आणि तो पाव! मासे गोळा व्हावेत म्हणून पाव टाकतात, फोटो झकास येतो, पण जे मासे कोरलवर बाहेरून चढणारं शेवाळ खाऊन साफ करतात तेच पावाला सोकावतात.

पार्कचौक_७:
सनस्क्रीन चोपडून उतरू नका, त्यातली काही केमिकलं कोरलला बाधतात, हवाईत तर २०२१ पासून तसल्या क्रीमच्या विक्रीवर बंदी आहे. त्यापेक्षा फुल बाह्यांचा टीशर्ट घाला. आठवण म्हणून तुकडा खिशात घालू नका, वन्यजीव कायद्यात कोरल वाघाच्याच यादीत आहे.

बाळीवेसकर:
वाघाच्या यादीत? त्या वेळी तो तुकडा आम्ही पाण्यात परत टाकला ते बरं झालं मग. आत्ताच एका बोटवाल्याला फोन लावला. म्हणतो नांगर वाळूतच टाकतो साहेब, काळजी नको, येताना फक्त पावाचे दोन पुडे तेवढे घेऊन या.