व्होल्टेज पडलं की गिझरचा करंटही कमीच होतो

व्होल्टेज कमी झालं की गिझर जास्त करंट ओढतो, असं काही जण म्हणतात. गिझरच्या बाबतीत ते बरोबर नाही.

२००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध (रेझिस्टन्स) मिळतो: २३० ÷ ८.७, म्हणजे सुमारे २६.४ ओहम. कॉइल नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) असते, तापल्यावरही तिचा रोध फारसा बदलत नाही. आता व्होल्टेज १८० वर आलं, तर करंट १८० ÷ २६.४ = ६.८ अँपिअर आणि पॉवर १८० × ६.८, जेमतेम १२२५ वॅट! व्होल्टेज २२ टक्क्यांनी पडलं, पण पॉवर जवळजवळ ३९ टक्क्यांनी, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापायला १६ मिनिटांऐवजी २५-२६ मिनिटं लागतील.

करंट वाढतो तो विहिरीवरच्या पंपाचा. लोड तोच असल्याने मोटर कमी व्होल्टेजवर जास्त करंट घेते आणि वाइंडिंग जळतं. गिझरचा हा हिशेब मोटरला लावू नका. तिथे पॉवर फॅक्टरही (व्होल्टेज × करंट या गुणाकारातला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) धरावा लागतो.

आणि असाच हिशेब जुन्या पिवळ्या बल्बचा करायचा असेल, तर त्याचा रोध मल्टिमीटरने थंड असताना मोजू नका. १०० वॅटचा बल्ब पेटल्यावर ५२९ ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी दिसतो.