पाच हजारांसाठीचा ठिय्या

‘ठिय्या दिल्याने अभ्यास तेवढा बुडतो, हाती काहीच लागत नाही’ हे विद्यार्थी आंदोलनांबद्दलचे मत मला मान्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१५ मध्ये नेट-विरहित शिष्यवृत्ती, म्हणजे ‘नेट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या संशोधक विद्यार्थ्यांना मिळणारी शिष्यवृत्ती, बंद करण्याचे ठरवले, तेव्हा दिल्लीतील आयोगाच्या मुख्यालयासमोर बसलेल्यांत मीही होतो. एम.फिल.साठी दरमहा ५,००० आणि पीएच.डी.साठी ८,००० रुपये ही रक्कम कोणाला किरकोळ वाटेल. परंतु ज्यांना घरून पैसे येण्याऐवजी घरीच पाठवावे लागतात, त्यांचे संशोधन तिच्यावरच तगून असते. ही योजना केंद्रीय विद्यापीठांपुरती होती. ती राज्य विद्यापीठांनाही लागू करावी, ही मागणी महाराष्ट्रातून गेलेल्या मला अधिक जिव्हाळ्याची होती. ती मान्य झाली नाही, याची खंत आजही आहे. शिष्यवृत्ती मात्र चालू राहिली.