सल्ला हवा: शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने जॅझची लाइव्ह रेकॉर्डिंग्ज कुठून सुरू करावीत?

मध्यलय
नमस्कार मंडळी. आमच्याकडे वर्षानुवर्षं किशोरीताई, कुमारजी, निखिल बॅनर्जी हेच वाजत आलं आहे. अलीकडे जॅझची ओढ लागली आहे, पण अ‍ॅपवर 'जॅझ' शोधलं की हॉटेलच्या लॉबीत चालू असतं तसलं गुळगुळीत काहीतरी समोर येतं. मला मैफिलीची रेकॉर्डिंग्ज हवी आहेत. समोर माणसं बसली आहेत आणि वाजवणारे तिथल्या तिथे सुचेल तसं वाढवत आहेत, असं. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी ऐकली, आवडलीही, पण लक्ष नेमकं कशावर ठेवायचं ते उमगत नाही. आवर्तन, सम असा काही हिशोब त्यात असतो का? रात्री हेडफोन लावून ऐकते, त्यामुळे सुरुवातीलाच फार कर्कश काही नको.

हडसनकाठ
आधी हिशोबाचं सांगतो, कारण तो कळला की अर्धं काम झालं. आवर्तन असतं. बहुतेक जुन्या चिजा ३२ बारच्या असतात, प्रत्येक बार ४ मात्रांचा, आणि ८-८ बारचे चार भाग. त्यातला तिसरा वेगळा, बाकीचे तीन जवळपास सारखे. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग तेच आवर्तन फिरत राहतं आणि एकेक जण त्यावर बढत करतो. चाल ऐकू येत नसली तरी आतला साचा चालूच असतो. पहिले काही दिवस मूळ चाल मनात गुणगुणत राहा, म्हणजे तिसरा भाग कधी आला ते आपोआप कळायला लागतं.

आता रेकॉर्डिंग. माझं ठाम मत आहे की तुम्ही बिल एव्हान्सच्या त्रिकुटापासून सुरू करावं. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कमधला 'व्हिलेज व्हॅनगार्ड' नावाचा तळघरातला जॅझ क्लब. दुपार-संध्याकाळ मिळून पाच बैठका झाल्या आणि सगळ्या टेप झाल्या. त्यातून 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी' अशा दोन तबकड्या निघाल्या. पियानोवर एव्हान्स, बासवर (उभं, खर्जातलं मोठं तंतुवाद्य) स्कॉट लफारो, ड्रमवर पॉल मोशन.

ऐकताना पियानो सोडून द्या. लफारोचा बास धरा. त्या काळी बासवाल्याने एकेक मात्रा चालत ठेका धरायचा अशी रीत होती. हा पठ्ठ्या तसं करतच नाही. एव्हान्सने वाक्य अर्धं सोडलं की हा ते पुरं करतो, कधी आधीच अडवतो, कधी वरच्या सप्तकात जाऊन स्वतःचंच काही मांडतो. मोशन बहुतेक वेळ ब्रशनेच वाजवतो, तरी लय कुठे पातळ होत नाही. 'माय फूलिश हार्ट' ऐका. इतकी विलंबित लय की दोन स्वरांमध्ये मागच्या टेबलावरच्या पेल्यांची किणकिण आणि लोकांच्या गप्पा स्पष्ट येतात. सुरुवातीला त्या लोकांचा राग येतो, मला अजूनही येतो. पण खोली किती लहान होती, तेही त्यामुळेच कळतं.

या रविवारनंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लफारो मोटार अपघातात गेला. वय २५. एव्हान्सने त्यानंतर कित्येक महिने जवळपास वाजवलंच नाही. 'जेड व्हिजन्स' ही लफारोचीच रचना आहे, ती शेवटी ऐका.

काफी_थाट
+१, पण 'काइंड ऑफ ब्लू' बाजूला टाकू नका. स्टुडिओतली असली तरी तिच्यात तुमच्या ओळखीचं बरंच आहे. 'सो व्हॉट' घ्या. पहिले १६ बार एका षड्जावर, पुढचे ८ अर्ध्या स्वराने वर, शेवटचे ८ परत मूळ जागी. स्वर आपल्या काफीचे, कोमल गंधार आणि कोमल निषाद. म्हणजे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) सारख्या बदलत नाहीत आणि वाजवणाऱ्याला एकाच स्वरसमूहात रमता येतं. माइल्स तिथे चार स्वर लावतो आणि थांबतो. लगेच मागोमाग सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन येतो आणि तीच जागा तानांनी भरून टाकतो. या दोघांच्या स्वभावातला फरक पकडा, लक्ष कशावर ठेवायचं हा प्रश्न उरणार नाही.

एक सूचना. २ मार्च १९५९ च्या ध्वनिमुद्रणात टेपचं यंत्र किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे जुन्या तबकड्यांची पहिली बाजू जराशी चढी वाजते. नव्वदच्या दशकात ही चूक सुधारून नव्या आवृत्त्या आल्या. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हे खटकू शकतं, तेव्हा सुधारलेलीच ऐका.

साष्टीकर
सगळे एवढं हळुवार सुचवत आहेत, तर मी जरा धूमधडाका घेऊन येतो. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद, अमेरिकेतला न्यूपोर्ट जॅझ महोत्सव, ७ जुलै १९५६. रात्र बरीच झालेली, लोक उठून निघायच्या बेतात. एलिंग्टनने आपल्या दोन जुन्या ब्लूज रचना जोडून घेतल्या आणि मधल्या जागेत सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्साल्व्हिसला मोकळं सोडलं. १२ बारचं आवर्तन, आणि त्याने लागोपाठ २७ आवर्तनं घेतली! आठव्या-दहाव्या आवर्तनानंतर मैदानातला आवाज कसा चढत जातो ते ऐका. एलिंग्टन स्वतः ओरडून त्याला पुढे रेटतो आहे.

घेताना मात्र १९९९ सालची दोन सीडींची आवृत्तीच घ्या. गोन्साल्व्हिस त्या रात्री रेकॉर्ड कंपनीच्या माइकऐवजी 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओच्या माइकसमोर वाजवत होता, म्हणून १९५६ च्या तबकडीवर तो लांबून आल्यासारखा वाटतो. शिवाय त्या तबकडीतला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या जोडल्या होत्या. पुढे रेडिओची टेप सापडली आणि दोन्ही जुळवून खरी मैफल बाहेर आली.

आडनाव वाचून आमच्याकडे हमखास विचारतात, म्हणून सांगतो: हा गोन्साल्व्हिस गोव्याचा नाही, त्याचं घराणं केप व्हर्डचं. गोव्याचा सॅक्सोफोन ऐकायचा तर ब्राझ गोन्साल्व्हिस शोधा, आणि ट्रम्पेटसाठी चिक चॉकलेट. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ रुजवणारी ही आमची माणसं, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातही हेच असायचे. त्यांची स्वतःची रेकॉर्डिंग्ज फारच थोडी उरली आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९७८ पासून मुंबईत 'जॅझ यात्रा' भरू लागली, पहिल्याच वेळी धोबीतलावच्या रंगभवनात सॉनी रॉलिन्स वाजवून गेला. त्या वेळी तिथे बसलेलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा.

मध्यलय
सर्वांना खूप धन्यवाद. 'वॉल्ट्झ फॉर डेबी' बास धरून ऐकली. साथ आणि मुख्य कलाकार असा भेदच तिथे नाही, आणि मला आत्तापर्यंत हेच कळत नव्हतं! मी पियानोला गवई समजून बाकीच्यांना मागे ढकलत होते. न्यूपोर्ट दिवसा ऐकीन. गाणाऱ्यांमध्ये कुणापासून सुरू करू? आणि कोल्ट्रेनची 'इंडिया' नावाची रचना दिसली, ती मला जवळची वाटेल का?

आलापिनी
गाण्यासाठी एला फिट्झजेराल्ड, बर्लिन, १३ फेब्रुवारी १९६०. 'मॅक द नाइफ' गाताना ती पुढचे शब्द विसरते. थांबत नाही. शब्द विसरल्याचंच गाण्यात गुंफते, चाल आणि यमक सांभाळून, मध्येच लुई आर्मस्ट्राँगची घोगरी नक्कलही करून घेते. त्याच मैफिलीतलं 'हाउ हाय द मून' तर सोडूच नका. बहुतेक सगळं निरर्थक अक्षरांवर चाललेलं, आणि मधूनच दुसऱ्या गाण्यांचे तुकडे डोकावतात. तराणा आवडत असेल तर इथे फार वेळ रमाल.

हडसनकाठ
'इंडिया' नावामुळे लगेच घेऊ नका. तीही व्हॅनगार्डचीच, नोव्हेंबर १९६१. दोन दोन बास खाली षड्ज धरून आहेत आणि वर कोल्ट्रेन व एरिक डॉल्फी बेभान. आपल्या आलापीची शिस्त त्यात शोधायला गेलात तर हिरमोड होईल. आधी १९६० च्या ध्वनिमुद्रणातलं 'माय फेव्हरिट थिंग्ज' ऐका. चाल सोपी, लय तीन मात्रांची, आणि मॅकॉय टायनर पियानोवर दोनच कॉर्ड घोळवत बसतो, त्या आधारावर सोप्रानो सॅक्सोफोन वाढत जातो. ते अंगवळणी पडलं की 'इंडिया' घ्या.

काफी_थाट
कीथ जॅरेटच्या 'कोल्न कॉन्सर्ट'चं नाव अजून कुणी घेतलं नाही? २४ जानेवारी १९७५, एकटा पियानो, आधी काहीही न ठरवता.

हडसनकाठ
सुंदर आहे, पण मी मुद्दाम मागे ठेवली. त्या रात्री मिळालेला पियानो बिघडलेला होता, वरचे स्वर पत्र्यासारखे, पॅडल नीट चालत नव्हती. म्हणून जॅरेट बराच वेळ मधल्या सप्तकांत राहिला आणि डाव्या हाताने एकेक आकृती पुन्हा पुन्हा फिरवत राहिला. त्यातून जे उभं राहिलं ते मोहवतं, पण ते एकट्याचं आहे. मध्यलय यांना आत्ता कुठे तिघांचं एकमेकांना ऐकणं सापडलं आहे, त्यावर थोडे दिवस राहू द्या. त्यापेक्षा पुढचं म्हणून पियानोवाला थेलोनियस मंक आणि कोल्ट्रेन, कार्नेगी हॉल, २९ नोव्हेंबर १९५७. टेप लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून होती, २००५ मध्ये सापडली. आवाज स्वच्छ आहे, कर्कश अजिबात नाही.

मध्यलय
ठीक, मग आधी मंक, नंतर 'माय फेव्हरिट थिंग्ज'. मंकमध्ये काय धरू?

हडसनकाठ
कोल्ट्रेन वाजवत असताना मंक पियानोवर कधी हात उचलतो, ते.