सूड, वचपा की उट्टं?

मिरज : कॉलेजच्या अंकासाठी ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या व्हिडिओ गेमबद्दल लिहितेय. नायिका एलीला बापासारखा असलेल्या जॉएलला ॲबी मारते आणि एली तिच्या मागावर जॅक्सनहून सिॲटलला निघते. मी ‘बदला’ लिहिलं होतं. सर म्हणाले ‘सूड’ लिही, मैत्रीण म्हणते ‘वचपा’. नेमका फरक काय? आणि सिक्वेलला ‘उत्तरार्ध’ चालेल का?

कुंडल : ताई, वचपा आमच्या मैदानातला रोजचा शब्द. गेल्या साली चितपट झालेला पैलवान यंदा त्याच जोडीदाराला आस्मान दाखवतो, तेव्हा लोक म्हणतात, वचपा काढला. मग दोघं हात मिळवून आखाड्याबाहेर येतात. उट्टं जरा घरगुती. त्यांनी लग्नात मान दिला नाही, म्हणून आपण त्यांच्या बारशाला गेलो नाही, हे भावकीतलं उट्टं. वचपा असो की उट्टं, दोन्ही ‘काढतात’ आणि काढलं की विषय मिटला. बदला चूक नाही, पण मराठीत तो बदली-अदलाबदलीच्या पंगतीत बसतो, त्याला धार कमी.

सूड मात्र ‘उगवतात’. ऐकताना रोप डोळ्यांपुढे येतं, पण जुन्या कागदपत्रांत उगवणी म्हणजे वसुली, येणं वसूल करणं. म्हणून सूडात देणेकरी आधीच ठरलेला असतो. हा गेम त्यावरच उभा आहे. २०१३च्या पहिल्या भागाच्या शेवटी जॉएलनं एलीला वाचवायला सॉल्ट लेक सिटीच्या इस्पितळात डॉक्टरला मारलं. तो ॲबीचा बाप. ॲबीच्या वहीत जॉएल देणेकरी, एलीच्या वहीत ॲबी. दोघी वसुलीलाच निघाल्यात. तुझे सर बरोबर आहेत, सूडच लिही.

गेमची ताकदही मला इथंच दिसते. समोरचे पहारेकरी एकमेकांना नावानं हाक मारतात. एकाला मारलं की दुसरा त्याचं नाव घेऊन ओरडतो, कुत्रं मेलं तर मालक हंबरडा फोडतो. ॲबीची मैत्रीण नोरा एलीच्या हाती लागते, त्या प्रसंगात कॅमेरा एलीच्या चेहऱ्यावर थांबतो आणि मारण्याचं बटण आपल्यालाच दाबावं लागतं. तिथून आपल्या जोडीदार दीनाकडे परत येते तेव्हा एलीचे हात थरथरत असतात. वसुली झाली, हाती काहीच आलं नाही, हे एका शब्दाशिवाय कळतं.

विटा : दादा, शब्दाबद्दल पटलं, बटणाबद्दल नाही. मला ते दाबायचंच नव्हतं. नकार द्यायची सोयच नाही, आणि पुढे दोष मात्र माझ्याही पदरात. चित्रपटात मी बघणारा असतो, इथं हात माझा. कथा एकाच वाटेनं न्यायची तर अपराधाचं ओझं खेळणाऱ्यावर टाकू नये. दुसरी उणीव लांबीची. एली लपून राहते त्या थिएटरमध्ये ॲबी समोर उभी राहते आणि तिथंच गोष्ट थांबवून सिॲटलचे तेच तीन दिवस ॲबीच्या बाजूनं पहिल्यापासून खेळायला लागतात. कल्पना धाडसी आहे. ॲबी ज्याला जपते तो लेव्ह नावाचा पोरगा आला की मीही तिच्या बाजूचा झालो. पण तोवरचे तास जड जातात, आणि सांता बार्बराचं शेवटचं प्रकरण तर संपलेल्या गोष्टीला जोडलेलं शेपूट वाटतं.

कुंडल : लांबी मान्य. सांता बार्बरा मात्र मला हवंच. तिथं ॲबी एलीची दोन बोटं तोडते आणि तरी एली तिला पाण्यात बुडवता बुडवता सोडून देते. घरी येऊन जॉएलची गिटार घेते तर डाव्या हाताचे सूर लागत नाहीत. याला ‘सूड सोडला’ म्हणायचं, ‘माफ केलं’ नाही. माफी समोरच्याला देतात, ॲबीला इथं काहीच मिळालेलं नाही. परीक्षणात ‘क्षमा’ लिहू नकोस, ताई.

मिरज : हे फारच उपयोगी पडलं. आणि उत्तरार्धाचं?

विटा : उत्तरार्ध म्हणजे एकाच कृतीचा दुसरा अर्धा. पहिला भाग स्वतःपुरता पूर्ण होता, त्यामुळे ‘पुढचा भाग’ बरा. ‘प्रौढांसाठी’ मात्र जरूर लिही आणि हिंसेमुळे असं स्पष्ट कर, नाहीतर आपल्याकडे लोक भलताच अर्थ घेतात. गेममध्ये अपंगांनाही खेळता यावं म्हणून साठच्या वर सुलभता-सोयी आहेत, त्यांनाही दोन ओळी दे. दिसत नसलेल्या माणसाला नुसत्या आवाजाच्या खुणांवर हा गेम शेवटपर्यंत खेळता येतो, आणि २०२० साली एवढं करणारे मोठे गेम फार थोडे होते.