बटणावर नुसतं चित्र पुरे, की शब्दही हवेत?

अडकित्ता: मामाच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी पायथनच्या टीकेइंटरमध्ये (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) बिलाचा प्रोग्राम लिहिला. बटणांवर फक्त चित्रं ठेवली: फ्लॉपी, प्रिंटर, फुली. (फोटोइमेज, म्हणजे चित्राचा ऑब्जेक्ट, फंक्शन संपल्यावरही टिकेल अशा व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. नाहीतर फंक्शन संपलं की पायथन ते चित्र टाकून देतं आणि बटण कोरं दिसतं. माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली.) पहिल्याच दिवशी गल्ल्यावरच्या मुलीने फ्लॉपीवर बोट ठेवून विचारलं, "दादा, हा टीव्ही कशाला?" तिने आयुष्यात फ्लॉपी पाहिलेली नाही. त्याच रात्री बटणाचा 'कंपाउंड' हा पर्याय 'लेफ्ट' करून चित्राशेजारी 'जतन करा' लिहिलं. शब्दाशिवाय बटण ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खटपट्या: नाही पटलं. ती मुलगी दोन दिवसांत शिकली असती. दिवसातून शंभरदा तेच बटण दाबणारा माणूस वाचत बसत नाही, त्याच्या हाताला जागा ठाऊक असते. आमच्या काउंटरचा स्क्रीन १३६६ पिक्सेल रुंद, बटणं बारा. 'मागील बिल दुरुस्त करा' असं लिहायला गेलं की पट्टी दोन ओळींची होते आणि खाली मालाची यादी आखडते. चित्र ठेवा, नाव टूलटिपमध्ये द्या, म्हणजे माउस वर नेला की दिसेल.

पाटीपेन्सिल: खटपट्या, मला दिसत नाही, मी एनव्हीडीएवर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर, काम करते. नुसत्या चित्राच्या बटणांवरून टॅब करत गेलं की "बटन, बटन, बटन" एवढंच ऐकू येतं. त्यातलं छपाईचं कुठलं? क्यूटी या टीकेइंटरसारख्याच दुसऱ्या लायब्ररीत 'सेटअ‍ॅक्सेसिबलनेम'ने स्क्रीन रीडरसाठी नाव देता येतं, एका ओळीचं काम, तरी लोक देत नाहीत. आणि अडकित्ता, टीकेइंटर ज्यावर चालतं त्या टीके ८.६ मधली बटणं स्क्रीन रीडरला नीट कळतच नाहीत. तुम्ही शब्द लिहिलेत तरी माझ्यापर्यंत ते पोचत नाहीत.

खटपट्या: ताई, आतलं नाव हवंच, त्यावर वाद नाही. माझं म्हणणं डोळ्यांसमोरच्या गर्दीबद्दल आहे. क्यूटीच्या टूलबटणावर शब्द दाखवायचे की लपवायचे हे 'सेटटूलबटनस्टाइल'ने बदलता येतं. ती निवड वापरणाऱ्यावर सोडा.

अडकित्ता: पाटीपेन्सिल, हे मला ठाऊकच नव्हतं. पुढची आवृत्ती क्यूटीत करतो. खटपट्या, निवड देईन, पण प्रोग्राम पहिल्यांदा उघडेल तेव्हा शब्द दिसलेच पाहिजेत. परवा मामाने खिडकी बंद करायची म्हणून फुली दाबली. ती 'बिल रद्द'ची होती. सत्तावीस ओळींचं बिल गेलं आणि गिऱ्हाईक समोर उभं.