निऑन नूडल इतका लक्षात का राहतो?

प्रश्न: बॉब क्लॅम्पेट यांच्या ‘द ग्रेट पिगी बँक रॉबरी’ (१९४६) या कार्टून लघुपटात स्वतःच्याच ठोशाने बेशुद्ध पडलेला डॅफी डक स्वप्नात गुप्तहेर होतो आणि खलनायकांची फौज त्याच्यावर चालून येते, त्यांत निऑन नूडलच मनात का ठसतो?

प्रतिसाद १: त्याला देहच नाही, नुसती निऑनची झगझगीत बाह्यरेषा आहे, डॅफी तिलाच पिळून उपाहारगृहाची पाटी बनवतो, ही कल्पना केवळ अफाट आहे.

प्रतिसाद २: मला रबरहेड सरस वाटतो, कारण तो आपल्या खोडरबरी डोक्याने डॅफीला चक्क पुसून टाकतो. चेस्टर गूल्ड यांच्या डिक ट्रेसी या गुप्तहेराच्या चित्रकथेतील विद्रूप गुन्हेगार आधी पाहिले असतील, तर हे विडंबन अधिकच रंगते.