जॉर्जियानाने नवऱ्याला सोडलं का नाही?

जॉर्जियाना म्हणजे अठराव्या शतकातली इंग्लंडमधली डेव्हनशायरची डचेस, तिथल्या ड्यूकची (बड्या सरदाराची) बायको. नवऱ्याच्या बाहेरच्या संबंधांबद्दल वाचून 'एवढा अपमान सहन करण्यापेक्षा तिने ड्यूकला सोडायला हवं होतं' असं बरेच जण म्हणतात. भावना पटते, पण त्या काळी इंग्लंडमध्ये मुलांचा ताबा कायद्याने बापाकडे असायचा. आईला थोडाफार हक्क मिळाला तो १८३९ च्या कायद्याने, म्हणजे जॉर्जियाना जाऊन तेहतीस वर्षं झाल्यावर! सतराव्या वाढदिवसाच्या सुमारास, १७७४ मध्ये, डेव्हनशायरच्या पाचव्या ड्यूकशी लग्न झालेली ही मुलगी. त्याची आधीच्या संबंधातली मुलगी शार्लट तिने घरात आणून वाढवली, तिचीच मैत्रीण बेस फॉस्टर हिच्यापासून झालेली त्याची मुलंही पुढे त्याच घरात वाढली. आणि स्वतःला चार्ल्स ग्रे या राजकारण्यापासून दिवस गेले तेव्हा मात्र नवऱ्याकडून परदेशी हद्दपारी. ती मुलगी, एलायझा, १७९२ मध्ये फ्रान्समध्ये जन्मली आणि ग्रेच्या आईवडिलांनी वाढवली. जवळजवळ दोन वर्षांनी जॉर्जियाना परतली तेव्हा तिचा धाकटा विल्यम तिला ओळखेनासुद्धा. सोडून जायचं म्हणजे काय, हे तिने चाखून पाहिलं होतं.

हाच विल्यम पुढे सहावा ड्यूक झाला. लग्न केलं नाही, बागेचा नाद मात्र जबरा. चॅट्सवर्थ या घराण्याच्या वाड्यातल्या काचघरात त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३० च्या दशकात केळी पिकवली आणि त्या जातीला घराण्याचं आडनाव मिळालं, कॅव्हेंडिश. जळगावची बसराई आणि आताची ग्रँड नैन दोन्ही त्याच गटातल्या. आमच्या घरी हे सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना.